जिल्हा कार्यालयाचा छापील नोंदवही संच : काय घ्यावं, काय बदलून छापून घ्यावं

गावच्या दूध संस्थेचं प्रोसिडिंग असो, विकास सोसायटीची खतावणी असो की पतसंस्थेचं ठेव रजिस्टर, कोल्हापुरात सगळं तयार मिळतं. पानांवर नंबर मारलेले असतात आणि बाइंडिंग वर्षानुवर्षं हलत नाही. सहकारानं इथल्या छापखान्यांना लावलेली ही शिस्त. त्यातल्याच एका छापखान्यानं आता राजकीय पक्षांच्या जिल्हा आणि तालुका कार्यालयांसाठी सात नगांचा संच बाजारात आणलाय : इतिवृत्त वही, पदाधिकारी नोंदवही, सदस्य नोंदवही, दहा पावती पुस्तकांचा गठ्ठा, रोजकीर्द-खतावणी, आवक-जावक आणि जडवस्तू नोंदवही. सोबत लेटरहेड आणि शिक्के. किंमत साडेचार हजारांच्या आसपास, पक्षाचं नाव-चिन्ह छापून घेतलं तर थोडी वर.

संचाचा साचा सोसायटीचा आहे. त्यामुळे पक्षाचं काम जिथं सोसायटीसारखं चालतं तिथं तो चोख आहे, आणि पक्ष जिथं सोसायटी नाही तिथं छापखान्याला ते उमगलेलंच नाही. सोसायटी स्वतंत्र नोंदणीची असते. तिचं पॅन तिचं, ऑडिट तिचं. पक्षाच्या प्रदेश शाखेचं तसं नसतं, जिल्ह्याचं तर नाहीच. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९अ खाली नोंदणी होते ती अख्ख्या पक्षाची, आणि आयकराचं विवरणपत्रही पक्षाचं एकच जातं. जिल्ह्यात फाडलेली प्रत्येक पावती प्रदेशमार्गे केंद्रीय हिशेबात जाऊन बसते. पुढचे बहुतेक दोष या एका गोष्टीतून आलेत.

आधी चांगलं. इतिवृत्त वही घ्याच. पानं शिवलेली आहेत, नुसती गोंदानं चिकटवलेली नाहीत. त्यामुळे मधलं पान ओढून काढलं तर त्याचं जोडपान सुटतं आणि चोरी लपत नाही. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीच्या पानावर सभेची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकानं गेली, समितीची मंजूर संख्या किती, हजर किती, गणपूर्ती झाली की सभा तहकूब होऊन पुन्हा भरली, याला जागा आहे. ठरावाला वर्षवार क्रमांक, सूचक, अनुमोदक, मतं अशी ओळ आहे. हे सगळं सोसायटीच्या प्रोसिडिंगमधून जसंच्या तसं आलंय आणि इथं ते फायद्याचंच ठरलंय, कारण पक्षाच्या बैठकांत नेमकं हेच लिहायचं राहतं. ‘सर्वानुमते ठरले’ एवढं लिहून खाली साठ सह्या घेतलेली पानं बहुतेक कार्यालयांत सापडतील. सर्व म्हणजे किती, आणि त्यातले समितीचे सभासद कोण अन् चहाला थांबलेले कार्यकर्ते कोण, हे त्यावरून दोन वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.

खटकतं ते हजेरीचं पान. छापखान्यानं सह्यांची वीस पानं वहीच्या शेवटी एकत्र ठेवलीत. सह्या एका टोकाला आणि ठराव दुसऱ्या टोकाला, मग कोणती सही कोणत्या सभेची यावर वाद घालायला जागा उरते. हजेरी त्या-त्या सभेच्या पहिल्याच पानावर आणि शेवटच्या सहीखाली आडवी रेघ, असं बदलून घ्या. पानं पुन्हा जुळवावी लागतात म्हणून ते कुरकुरतात, पण करून देतात. आणखी एक : नेमणुकीच्या ठरावात ‘नाव मा. अध्यक्ष नंतर कळवतील’ असं लिहून दोन ओळी कोऱ्या सोडण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. वही कितीही चांगली असली तरी त्या दोन ओळी तिचं मोल घालवतात. अध्यक्षांना अधिकार द्यायचे असतील तर ‘अमुक पदांच्या नेमणुकीचे अधिकार अध्यक्षांना देण्यात येत आहेत’ असा सरळ ठराव करावा आणि नेमणूक स्वतंत्र पत्रानं काढावी.

एवढा कीस कशासाठी, हे महाराष्ट्रात आता वेगळं सांगायला नको. १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ खाली पक्षातल्या दोन गटांचा वाद निवडणूक आयोगापुढे जातो. १७ फेब्रुवारी २०२३ चा शिवसेनेचा आणि ६ फेब्रुवारी २०२४ चा राष्ट्रवादीचा निकाल पाहिला, तर दोन्हीकडे संघटनेतलं बहुमत मोजणं आयोगाला भरवशाचं वाटलं नाही आणि विधिमंडळातलं बहुमत निर्णायक ठरलं. शिवसेनेच्या प्रकरणात पक्षाची २०१८ ची सुधारित घटना आयोगाच्या दप्तरी नव्हती, हा मुद्दा अडचणीचा ठरला. पुढे १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनीही १९९९ ची घटना धरूनच निर्णय दिला. राजकारणात कुणाची बाजू घ्या वा सोडा, कागदापुरतं एवढं खरं की जिल्ह्याजिल्ह्यांत अमुक तारखेला समितीवर कोण होतं हे निर्विवाद दाखवता आलं नाही, तर संघटना असून नसल्यासारखी होते.

म्हणून या संचातली सगळ्यात मोलाची वही पदाधिकारी नोंदवही, आणि छापखान्यानं नेमकी तीच सगळ्यात पातळ काढलीय. ४० पानं, आणि रकाने चार : नाव, पद, पत्ता, मोबाइल. ही संचालक मंडळाची यादी झाली. पक्षाला लागतात ते रकाने असे : नेमणुकीची तारीख, नेमणूक निवडणुकीनं की पत्रानं, ठराव क्रमांक, पत्राचा जावक क्रमांक, मुदत कधी संपते, पद कसं सुटलं (राजीनामा, मुदतपूर्ती, निलंबन, हकालपट्टी, मृत्यू), ते सुटल्याची तारीख आणि शेवटी ‘प्रदेशला कळवल्याची तारीख’. हा शेवटचा रकाना गाळू नका. पदाधिकाऱ्यांतला बदल विनाविलंब आयोगाला कळवण्याची जबाबदारी कलम २९अ मध्येच पक्षावर टाकलेली आहे. कळवायचं केंद्रीय कार्यालयानं. पण प्रदेशच्या दप्तरातच खालच्या नोंदी ताज्या नसतील, तर वर जाणारी यादीही शिळीच राहणार. कितीतरी जिल्ह्यांत नवा अध्यक्ष झाल्याचं प्रदेश कार्यालयाला अभिनंदनाच्या फलकाच्या फोटोवरून कळतं! दोन पानं समोरासमोर धरून आडवी, बारा रकान्यांची, किमान १०० पानांची वही सांगून घ्या. नाव कधीही खोडायचं नाही. पद सुटलं की लाल शाईनं तारीख टाकायची आणि नव्या माणसाला नवी ओळ द्यायची.

सदस्य नोंदवहीत ‘भाग क्रमांक’ असा रकाना आहे. तो मतदार यादीचा भाग क्रमांक असेल असं समजून आपण खूश होतो, पण शेजारीच ‘भागाची रक्कम’ दिसते आणि उलगडा होतो. सोसायटीच्या शेअर रजिस्टरचा साचा तसाच राहून गेलाय. पक्षासाठी तिथं विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदार ओळखपत्र क्रमांक असे चार रकाने हवेत. सदस्य मतदार यादीशी ताडता आला नाही तर तीच व्यक्ती दोन तालुक्यांत, दोन नेत्यांच्या गठ्ठ्यांत, दोनदा सदस्य होते. कोल्हापुरात गटातटाची नोंदणीची शर्यत लागली की हे हमखास घडतं. प्राथमिक सदस्य आणि सक्रिय सदस्य (काही पक्षांत क्रियाशील म्हणतात) या दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात, कारण पक्षांतर्गत निवडणुकीत उभं राहण्याचा हक्क बहुधा दुसऱ्या वहीवर ठरतो.

कोल्हापूरसाठी आणखी एक अडचण आहे. संचात तालुकावार अनुक्रमणिका छापलीय, बारा तालुके ओळीनं. पण जिल्ह्यात विधानसभेच्या जागा १० आहेत आणि त्यांच्या हद्दी तालुक्यांशी जुळत नाहीत. गडहिंग्लज तालुक्याचा काही भाग कागल मतदारसंघात तर काही चंदगडमध्ये, पन्हाळ्याचा काही शाहूवाडीत तर काही करवीरमध्ये. हातकणंगले लोकसभा मतदारसंघात तर सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा येतात. त्यात कोल्हापूर आणि इचलकरंजी या दोन महानगरपालिका, म्हणजे शहर शाखा वेगळ्या. पक्षाची घटना तालुका समिती मानते की मतदारसंघ समिती, हे आधी बघा आणि अनुक्रमणिका त्याप्रमाणे छापा. दुसऱ्या पद्धतीची यादी लागली तर ती रकान्यांवरून काढता येते. सदस्याची नोंद मात्र एकाच ठिकाणी असावी. दोन्हीकडे नाव चढवलं की बेरीज फुगते आणि छाननीत फजिती होते.

आता पावती पुस्तक. इथं जरा थांबून बघावं लागेल, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त धोका याच नगात आहे.

एका पुस्तकात ५० पावत्या, प्रत्येकी तीन प्रती : पांढरी देणगीदाराला, गुलाबी जिल्ह्याला, पिवळी प्रदेशला. कागद कार्बनलेस आहे, त्यामुळे मधे कार्बन घालायची कटकट नाही. नंबरिंग सरळ आणि ठळक, हे खरंच चांगलं काम आहे. पण तिन्ही प्रतींना टोचण (फाडण्यासाठीची छिद्रांची रेघ) मारलंय. तिन्ही फाटल्या की पुस्तकात उरतो नुसता दोन बोटांचा कोरा पट्टा. स्थळप्रत पुस्तकात पक्की राहिली पाहिजे, म्हणून पिवळ्या प्रतीला टोचण नको आणि प्रदेशला गुलाबी जाऊ दे. रद्द पावतीच्या तिन्ही प्रती आडवी रेघ मारून पुस्तकालाच स्टेपल करायच्या. रद्द पावतीची पांढरी प्रत जागेवर नसेल तर हिशेब तपासनीसाचा पहिला प्रश्न तिथंच येणार.

कार्बनलेस कागद जेल पेननं नीट उमटत नाही, बॉलपेन दाबूनच लिहावं लागतं, आणि पुढच्या पावतीच्या आधी पुठ्ठ्याची पट्टी सरकवली नाही तर खालच्या संचावरही अक्षरं उमटतात. छापखान्यानं पुठ्ठा मागच्या कव्हरला जोडून दिलाय, तो घडी करून आत घालायचा. हा कागद उन्हाला आणि प्लॅस्टिकच्या पाऊचला सोसत नाही, अक्षरं फिकी होतात. दर महिन्याला पिवळ्या प्रती स्कॅन करून ठेवाव्यात हे उत्तम.

पावतीवरचा मजकूर मात्र पूर्ण बदलावाच लागेल. सध्या आहे ते असं : ‘श्री. ______ रा. ______ यांजकडून रोख/चेकने रु. ______ मिळाले.’ दूध संस्थेला हे पुरतं. पक्षाला पुरत नाही, कारण १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १३अ नं पक्षाला करमाफी दिली ती अटींवर : हिशेबाच्या वह्या, सनदी लेखापालाकडून तपासणी, २०,००० रुपयांवरच्या प्रत्येक देणगीदाराचं नाव-पत्ता आणि, २०१७ पासून, २,००० रुपयांवरची देणगी रोखीनं न घेणं. म्हणजे एखाद्या तालुका अध्यक्षानं ५,००० रोख घेऊन पावती फाडली तर प्रश्न त्याच्या तालुक्याचा राहत नाही, अख्ख्या पक्षाच्या करमाफीला धक्का पोचू शकतो. मग काही हुशार मंडळी त्याच नावानं २,०००, २,००० आणि १,००० अशा लागोपाठ तीन पावत्या फाडतात. क्रमांक ओळीनं, तारीख एक, नाव एक. लपवण्यापेक्षा दाखवण्याचीच ही सोय झाली.

दुसरी मर्यादा २०,००० ची. कलम २९क खाली आर्थिक वर्षात एका व्यक्तीकडून २०,००० हून जास्त आलेल्या देणग्या फॉर्म २४ए मध्ये आयोगाला द्याव्या लागतात. ही बेरीज पक्षाची असते, शाखेची नसते. एखाद्यानं कोल्हापुरात १२,००० दिले आणि मुंबईत १०,००० दिले तर तो यादीत येतो, आणि दोन्ही पावत्यांवर पॅन नसेल तर ती दोन माणसं एकच आहेत हे प्रदेश कार्यालयाला कळणारच नाही. तेव्हा पावतीवर हे रकाने हवेत : पूर्ण नाव, पिनकोडसह पत्ता, पॅन, रक्कम अंकी आणि अक्षरी, पद्धत (रोख, चेक, यूपीआय, एनईएफटी), चेक किंवा यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, बँक, आणि देणगी की सदस्य शुल्क. कंपनी देणगी देत असेल तर तिच्या संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत घेऊन पिवळ्या प्रतीमागे लावायची. तळाशी ‘२,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने स्वीकारली जात नाही’ ही ओळ ठळक छापा. देणगीदारापुढे नाही म्हणायला कार्यकर्त्याला संकोच वाटतो, छापील ओळ दाखवणं सोपं जातं. आयकराच्या कलमांचे क्रमांक मात्र पावतीवर छापू नका. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, त्यात क्रमांक बदललेत, आणि ५०० पावत्या रद्दीत जायला तेवढं कारण पुरतं.

देणगी आणि सदस्य शुल्क यांच्या मालिका वेगळ्या ठेवा, दोन रंगांच्या कव्हरांत. आणि संचात मुळातच नसलेली एक छोटी वही वेगळी मागून घ्या : पावती पुस्तक वाटप नोंद. कोणतं पुस्तक, क्रमांक कुठून कुठवर, कोणाला, कधी दिलं, सही, परत कधी आलं, किती वापरल्या, किती कोऱ्या. निवडणुकीच्या आधी तालुक्यांना वाटलेली पुस्तकं निकालानंतर परत येत नाहीत, आणि तालुका अध्यक्षानं पक्ष बदलला तर त्याच्याबरोबर तुमच्या चिन्हाच्या कोऱ्या पावत्याही जातात. जुनं पुस्तक जमा केल्याशिवाय नवं द्यायचं नाही, एवढं जरी पाळलं तरी निम्मी भानगड मिटते.

रोजकीर्द-खतावणी नेहमीसारखी, कागद जाड, तक्रार नाही. फक्त ‘बँकेत भरणा’ रकान्याशेजारी ‘रोख मिळाल्याची तारीख’ असा रकाना वाढवून घ्या. आयोगाच्या २०१४ च्या पारदर्शकतेच्या सूचनांप्रमाणे आलेली रोकड ठरलेल्या मुदतीत बँकेत जायला हवी, आणि दोन तारखा शेजारी असल्या की उशीर नजरेत भरतो. विधानसभा निवडणुकीनंतर पक्षाचं खर्चाचं विवरण ७५ दिवसांत, लोकसभेनंतर ९० दिवसांत द्यावं लागतं. जिल्ह्याची प्रमाणकं (व्हाउचर) तोवर प्रदेशकडे पोचायला हवीत. त्यासाठी निवडणूक खर्चाचं खतावणीत वेगळं पान उघडा, रोजच्या कार्यालयीन खर्चात मिसळू नका.

जडवस्तू नोंदवहीत एक सुखद धक्का आहे. ‘मालकी : संस्थेची / वापरायला दिलेली’ असा रकाना कुणीतरी शहाण्यानं टाकलाय. पक्षाच्या कार्यालयातला प्रिंटर, साउंड, खुर्च्या यातलं बरंचसं कुणा ना कुणा नेत्यानं आणून ठेवलेलं असतं. नेता गेला की सोफाही जातो, आणि सोबत पक्षाचा लॅपटॉपही. हा रकाना पहिल्या दिवशीच भरा.

आवक-जावक वही ठीक. तिच्या शेवटी एबी फॉर्मसाठी, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कळवणाऱ्या फॉर्मसाठी, दहा पानं जोडून घ्या : फॉर्मचा अनुक्रमांक, मतदारसंघ किंवा प्रभाग, उमेदवार, पर्यायी उमेदवार, कोणाच्या हाती दिला, तारीख-वेळ, पोच. विधानसभा-लोकसभेला हे फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावे लागतात. स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाचे नमुने वेगळे, ते त्याच निवडणुकीच्या वेळी मिळवा, जुने साठवून ठेवू नका. निकालानंतरची गटनोंदणीची (निवडून आलेल्या पक्षसदस्यांच्या गटाच्या नोंदीची) पत्रंही याच वहीतून जाऊ द्या. १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण अनर्हता कायद्याखाली जिल्हा परिषदेची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि महानगरपालिकेची पुण्याला विभागीय आयुक्तांकडे होते. गटनेता कोण यावर पुढं भांडण झालं तर कोणतं पत्र आधी गेलं हे जावक क्रमांकच सांगतो.

संचाबरोबर एक शिक्का फुकट देतात, तो सहीचा. अध्यक्षांची सही स्कॅन करून रबरावर. हा घेऊच नका. चिन्ह आदेशाप्रमाणे एबी फॉर्मवर शाईची, हातानं केलेलीच सही चालते. सहीचा शिक्का किंवा छापील सही असली तर फॉर्म बाद होतो. आणि असा शिक्का टेबलाच्या खणात पडून असला की नेमणूकपत्रं कुणी काढली याला ताळतंत्र राहत नाही. त्याऐवजी ‘आवक दिनांक’ आणि ‘जावक क्रमांक’ असे दोन तारखेचे शिक्के मागा, किंमत तेवढीच.

छापखाना जुन्या याद्या टाइप करून द्यायलाही तयार असतो. तिथं एकच विचारा : युनिकोडमध्ये देणार का? जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी कागदावर झकास दिसते, पण एक्सेलमध्ये नाव शोधायला गेलात की हाती काही लागत नाही. यादीत सदस्यांचे मोबाइल आणि ओळखपत्र क्रमांक असतात, तेव्हा काम झाल्यावर त्यांच्या संगणकावरून फाइल पुसून घ्या.

पावसाचंही ध्यानात ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापुरात तळमजल्यावर, खालच्या फळीवर दप्तर ठेवायचं धाडस कुणी करू नये. या वह्यांचं कापडी बाइंडिंग दमट हवेत तग धरतं, पण गगनबावड्याच्या बाजूला तालुका कार्यालय असेल तर कव्हरला प्लॅस्टिक लॅमिनेशन सांगा आणि नोंदी बॉलपेननंच करा, पाण्यात शाई पसरत नाही.

खरेदी करताना पूर्ण संच घ्यायची गरज नाही. इतिवृत्त, रोजकीर्द, आवक-जावक आणि जडवस्तू या चार वह्या किरकोळ बदलांसह तयार घ्या. पदाधिकारी नोंदवही, सदस्य नोंदवही आणि पावती पुस्तकं स्वतःच्या नमुन्यानं छापून घ्या. नमुना प्रदेश कार्यालयाकडून मंजूर करून घेतला तर बाराही तालुक्यांत एकच राहील. छपाईआधी प्रूफवर पावती क्रमांकाची सुरुवात नीट तपासा, मागच्या मालिकेशी क्रमांक जुळले तर दोन पावत्या एकाच नंबराच्या होतात. बिल पक्षाच्या नावानं मागा आणि पैसे पक्षाच्या खात्यातून द्या. न सांगता सोडलं तर ते बिल बहुतेक वेळा ‘साहेबांच्या’ नावानं बनतं, आणि मग ते खतावणीत कुठं घालायचं हा प्रश्न वर्षअखेरीला उभा राहतो.